नागपुरात पहिला प्लॉट किंवा फ्लॅट घेताना: आधी कागद, मग जागा, शेवटी भाव

नागपुरात नव्याने आलेला माणूस जागा बघायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथे काय भाव चालू आहे?" जागांच्या खरेदी-विक्रीत मी एजंट म्हणून अनेक वर्षं आहे आणि माझा आग्रह असतो की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. या शहरात एकाच रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे भाव निम्मा-दुप्पट असू शकतो. माती तीच, रस्ता तोच, बस थांबते तीही तिथेच. फरक असतो कागदाचा. तो समजून न घेता भाव विचारणाऱ्याला स्वस्त म्हणजे काय आणि महाग म्हणजे काय, हेच कळू शकत नाही.

खाली जो क्रम दिला आहे, त्याच क्रमाने मी घरच्या माणसालाही जागा घ्यायला लावीन.

१. राहायला की ठेवायला?

हे घरात बसून आधी ठरवा. राहायचं असेल तर शाळा, दवाखाना, पाणी आणि ऑफिसला लागणारा वेळ बघून चार-पाच भाग निवडा. मनीष नगर, बेसा, बेलतरोडी, मानेवाडा, हुडकेश्वर, दाभा, झिंगाबाई टाकळी, वाठोडा या प्रत्येक ठिकाणचं रोजचं जगणं वेगळं आहे. मेट्रोने जायचं असेल तर खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन मार्गिकांपासून घर खरोखर किती अंतरावर आहे, ते पायी चालून बघा. जाहिरातीतली पाच मिनिटं बहुतेक वेळा पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरची असतात.

नुसतं पैसे गुंतवून ठेवायचे असतील, तर वेगळा हिशेब आहे. तो भावाच्या पायरीवर मांडला आहे.

२. ही जमीन कोणाच्या हद्दीत येते?

नागपूरबाहेरून आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शहरात बांधकामाची परवानगी काही भागांत महानगरपालिका देत आली आहे, तर काही भागांत नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र. शहराबाहेरच्या ७१९ गावांसाठी २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, ज्याला सगळे एनएमआरडीए म्हणतात. जागा दाखवणाऱ्याला पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "लेआउट मंजूर कोणी केला?" उत्तर "ग्रामपंचायतीने" असं आलं तर तिथेच थांबा. प्राधिकरणाच्या क्षेत्रात ग्रामपंचायतीला लेआउट मंजूर करण्याचा अधिकार नाही, शिक्का कितीही गोल आणि ठसठशीत असला तरी.

मंजूर नकाशाची प्रत मागा. त्यावर मौजा (गाव), खसरा (सर्व्हे) क्रमांक, पटवारी हलका (तलाठी सजा) क्रमांक, मंजुरीची तारीख आणि आपला प्लॉट क्रमांक दिसला पाहिजे. मग त्याच कार्यालयातून झोन दाखला काढा. विकास आराखड्यात ती जमीन रहिवासी क्षेत्रात आहे, शेती क्षेत्रात आहे की तिच्यावर शाळा, बाग किंवा रस्त्याचं आरक्षण आहे, हे त्यावरून कळतं. शेती क्षेत्रातल्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून, सिमेंटचे खांब रोवून "प्लॉट पाडले" म्हणणारे लोक शहराच्या चारही दिशांना भेटतील. हजार-दीड हजार चौरस फुटांचे असे तुकडे तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकतात. त्या कायद्यात सवलती येत-जात असतात. आज नेमकं काय लागू आहे ते तहसील कार्यालयातून माहीत करून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडून नाही.

३. कागद वाचायला शिका

वकील लावायचाच आहे. पण वकिलाकडे जाण्याआधी चार कागद स्वतः वाचता यायला हवेत, नाहीतर वकिलाला काय विचारायचं तेही सुचत नाही.

शेतजमिनीचा आणि नव्या लेआउटचा उगम सातबाऱ्यात असतो. त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते आधी बघा. वर्ग २ म्हणजे शासनाच्या अटींवर मिळालेली जमीन. ती विकायला सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "इतर अधिकार" या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टाची स्थगिती दिसते. सातबारा ऑनलाइन मिळतो, त्यामुळे विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. ताजा काढा. सोबत फेरफारही वाचा, कारण सातबारा आजची स्थिती दाखवतो आणि ती कशी आली ते फेरफार सांगतो.

शहराच्या नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं. आपल्या विदर्भात त्याला आखीव पत्रिका म्हणतात. त्यात धारकाच्या नावाइतकंच महत्त्वाचं म्हणजे धारणाधिकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते. तिथे पट्टा किंवा नझूल असं दिसलं, तर जमीन शासनाची आहे आणि समोरचा माणूस पट्टेदार आहे. जुन्या, मध्यवर्ती भागात अशा जागा पुष्कळ आहेत. नासुप्रचेही लीजवर दिलेले प्लॉट आहेत. लीजची जागा घेऊ नये असं मी म्हणत नाही, चांगल्या चांगल्या वस्त्या लीजवर उभ्या आहेत. पण पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं का, भूभाडं थकलं आहे का, हस्तांतरणाची परवानगी लागते का आणि तिचं शुल्क कोण भरणार, हे इसाराआधी लेखी ठरलं पाहिजे. मालकी हक्कात रूपांतर करण्याच्या योजना शासन वेळोवेळी आणतं. "आता होणारच आहे" या भरवशावर पूर्ण मालकीच्या जागेचा भाव मोजू नका.

तिसरा कागद खास नागपूरचा, आरएल. शहरात जुने अनधिकृत लेआउट इतके आहेत की '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे आकडेच त्यांची ओळख झाले आहेत. शेतजमीन विकत घेऊन गृहनिर्माण संस्थांनी किंवा खासगी लोकांनी प्लॉट पाडले, लोकांनी रजिस्ट्र्या केल्या, घरं बांधली, आणि मंजुरीचा प्रश्न मागे राहिला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा प्लॉटना नियमित होण्याचा रस्ता दिला, आणि पुढे दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात घेतली गेली. अर्ज करायचा, मोजणी होते, विकास शुल्काची डिमांड निघते, ती भरायची, मग नियमितीकरणाचं पत्र मिळतं. हेच आरएल. ते असेल तर बँक कर्जाचा विचार करते आणि बांधकामाचा नकाशा मंजूर होऊ शकतो. नसेल तर दोन्ही अडतं.

इथे जरा बारकाईने बघा. "आरएल झालं आहे" आणि "डिमांड भरली आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डिमांडची पावती दाखवून आरएलचा भाव मागणारे असतात. आरएल हातात आलं की त्यावरचं क्षेत्रफळ जुन्या विक्रीपत्राशी ताडून बघा. एका निवृत्त शिक्षक दांपत्यासाठी मानेवाडा भागातला एक प्लॉट बघत होतो. विक्रीपत्रात १५०० चौरस फूट, आरएलवर १३६०. मधले १४० फूट रस्ता रुंद दाखवताना गेले होते. विकणारे काका खोटं बोलत नव्हते, त्यांनी ते पत्र कधी नीट उघडून वाचलंच नव्हतं. व्यवहार १३६० फुटांवर झाला. आधी ठरलेल्या दराने तो फरक एका वर्षाच्या घरखर्चाएवढा होता.

चौथा कागद म्हणजे मालकीची साखळी. आजच्या मालकाने कोणाकडून घेतलं, त्याने कोणाकडून, असं मागे मागे जात निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, तुम्हाला घरबसल्याही बघता येतो. जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या लेआउटमध्ये तर हे हवंच, कारण एकच प्लॉट दोन सभासदांच्या नावाने नोंदल्याची प्रकरणं या शहरात झाली आहेत, आणि दोघांच्याही हातात शिक्क्याचे कागद असतात.

मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि ताबापत्र हे मालकीचे पुरावे नाहीत. "वीस वर्षांपासून टॅक्स भरतो आहे" हे ऐकायला भारदस्त वाटतं. कर मात्र जो भरेल त्याच्याकडून घेतला जातो.

४. विकणारा माणूस कोण आहे?

कागद चोख असूनही व्यवहार माणसांवरून फसतो. वडिलोपार्जित जागा असेल तर सगळे वारस मोजा, विवाहित मुलींसकट. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. "बहिणीचं काही म्हणणं नाही हो" असं भाऊ म्हणतो तेव्हा मी म्हणतो, मग ताईंना सहीला घेऊन या. नात्यात गोडी असेल तर सहीला अडचण नसते, आणि गोडी नसेल तर ते आजच कळलेलं बरं.

आममुखत्यारपत्रावर विकणारा भेटला तर ते नोंदणीकृत आहे का, देणारा हयात आहे का, त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, एवढं बघा आणि मूळ मालकाशी एकदा स्वतः बोला. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारनाम्यावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी असे प्लॉट "रजिस्ट्रीचा खर्च वाचतो" म्हणून अजून विकले जातात. मी ते दाखवत नाही.

वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. लोकांना हा खर्च वायफळ वाटतो. पण एखादा दूरचा वारस किंवा आधी इसार देऊन बसलेला दुसरा ग्राहक असेल, तर तो याच सूचनेने पुढे येतो.

५. जागेवर जा, आणि पावसाळ्यातही जा

उन्हाळ्यात नागपूरचा प्रत्येक प्लॉट सपाट आणि कोरडा दिसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट यांसारख्या चांगल्या वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरलं. ती घरं घेणारे लोक निष्काळजी नव्हते. पण तेव्हापासून नाग, पिवळी आणि पोरा या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले आपल्या प्लॉटपासून किती दूर आणि किती खाली आहेत, हे मी ग्राहकाला जागेवर नेऊन दाखवतो. शेजारच्या चहाच्या टपरीवर विचारा, "पाणी कुठपर्यंत येतं?" भिंतीवरची ओल आणि कंपाउंडच्या तळाशी गाळाची रेघ शोधा.

जमीनही बघा. बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तडे जातात. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि त्याचा खर्च वाढतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यांच्या खड्ड्यात डोकावून बघा, मुरूम किती फुटांवर लागला ते मिस्त्री सांगेल. ही दहा मिनिटांची चौकशी फुकट आहे.

वर बघा. हाय टेन्शनची तार प्लॉटवरून किंवा अगदी जवळून जात असेल तर बांधकामाला सुरक्षित अंतर सोडावं लागतं आणि कधीकधी घर बसेल एवढी जागाच उरत नाही. विमानतळाच्या आसपास, सोमलवाड्यापासून जयताळ्यापर्यंत, उंचीवर मर्यादा आहेत. वर आणखी मजले चढवण्याचा विचार असेल तर उंचीचा दाखला आधी बघा.

आणि टेप घेऊन जा. चारही बाजू मोजा, समोरचा रस्ता मोजा. नकाशात नऊ मीटर आणि जागेवर सहा असेल तर उरलेले तीन मीटर कोणाच्या तरी कंपाउंडमधून निघणार आहेत. मनात शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी मागवा.

६. फ्लॅट घेत असाल तर

मुंबई-पुण्याहून आलेल्यांना इथे एक गोष्ट नवी वाटते. नागपुरात बहुसंख्य फ्लॅट योजना सहकारी सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असतात. तुमच्या विक्रीपत्रातच फ्लॅटसोबत जमिनीचा अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. ही टक्केवारी वाचा. इमारत जुनी होऊन पुन्हा बांधायची वेळ आली की सगळा वाद याच आकड्यावर येतो. इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र नोंदलेलं आहे का, तेही विचारा.

नवी योजना असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, ताबा देण्याची तारीख आणि चालू असलेले खटले वाचा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. भाव चटई क्षेत्रावर (कार्पेट एरिया), म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर काढा. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेला तयार फ्लॅट मी कोणालाही सुचवत नाही.

मोठे प्लॉट लेआउटही महारेरात नोंदवावे लागतात. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर प्लॉट विकणाऱ्याला तो क्रमांक मागायचा तुम्हाला हक्क आहे.

७. आता भाव

सरकारी दर रेडी रेकनरमध्ये चौरस मीटरमागे असतो आणि बाजार चौरस फुटाने बोलतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. रेकनरचा दर २०,००० असेल तर तो फुटामागे साधारण १,८५८ रुपये झाला. रेकनर आणि प्रत्यक्ष किंमत यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

खरा भाव कळण्यासाठी त्याच लेआउटमधल्या अलीकडच्या दोन-तीन रजिस्ट्र्यांचे इंडेक्स टू बघा आणि मग आजूबाजूच्या दोन वेगळ्या एजंटांना विचारा. बोर्डावरचा भाव ही मालकाची इच्छा असते.

आता गुंतवणुकीचा हिशेब. समजा प्लॉट २० लाखांना घेतला आणि आठ वर्षांनी ३० लाखांना विकला. दीडपट झाले म्हणून पेढे वाटले जातात. पण दरसाल वाढ काढली तर ती सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडते. घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली मिळून १ लाख ८० हजार गेले आणि विकताना ३० हजार, असं धरलं तर ती चार टक्क्यांच्या आत येते. त्यात कुंपण आणि कर अजून धरलेलेच नाहीत. फ्लॅटचं असं की ५० लाखांच्या फ्लॅटला महिना १२ हजार भाडं आलं, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं कमी. कर्जाचं व्याज त्याच्या कितीतरी वर असतं. म्हणून भाड्याच्या भरवशावर हप्ता भरायचा बेत करू नका.

मिहान (विमानतळाजवळचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प), एम्स, समृद्धी महामार्ग, मेट्रो ही सगळी खरी कामं आहेत आणि त्यांनी शहर बदललं. पण त्यांची आशा वर्धा रोडच्या भावात फार आधीच मिसळली गेली होती. बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा विकणाऱ्याने ती किमतीत धरलेली असते. मला याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा होतो. हजारो प्लॉट नुसते ठेवण्यासाठी घेतले गेले, म्हणून कितीतरी लेआउटमध्ये दहा प्लॉटमागे दोन घरं आहेत, दिवे नाहीत, नाल्या नाहीत, आणि जी दोन कुटुंबं खरंच राहायला गेली त्यांची मुलं चिखलातून शाळेत जातात. म्हणून राहणाऱ्या ग्राहकाला मी नेहमी वसलेल्या लेआउटमधला लहान प्लॉट सुचवतो, ओसाड लेआउटमधला मोठा नाही.

८. इसार आणि रजिस्ट्री

टोकन म्हणून छोटी रक्कम द्या आणि ती चेकने किंवा ऑनलाइन द्या. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे. इसारपत्रात पूर्ण किंमत, रजिस्ट्रीची तारीख, कोणते कागद कोणी आणायचे आणि कागदात खोट निघाल्यास पैसे किती दिवसांत परत, हे सगळं लिहून घ्या. शक्य असेल तर तेही नोंदवा. "अर्धे काळ्यात द्या" म्हटलं तर नाही म्हणा. वाद झाला तर ते पैसे तुम्ही दिलेच नव्हते असं ठरतं.

शहरात मुद्रांक शुल्क अधिभार धरून सात टक्क्यांच्या घरात जातं. घर किंवा फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर आहे. दलाली आधीच लेखी ठरवा, आणि एजंट दोन्ही बाजूंनी घेतो आहे का ते स्पष्ट विचारा. प्रामाणिक एजंटला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुय्यम निबंधकाकडे सही करण्याआधी विक्रीपत्राच्या शेवटच्या भागातल्या चतुःसीमा मोठ्याने वाचा. पूर्वेला कोण, पश्चिमेला रस्ता किती, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ आकड्यात आणि अक्षरात. टायपिस्टचा एक चुकलेला अंक नंतर चूकदुरुस्ती पत्राने सुधारावा लागतो, आणि तोवर विकणारा दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

९. रजिस्ट्रीनंतरचे दोन महिने

पुष्कळ लोक इथे थांबतात. थांबू नका. फेरफाराची नोंद झाली का ते बघा. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात, ते गेल्यावर नोंद प्रमाणित होते. मग नवा सातबारा किंवा आखीव पत्रिका काढून त्यावर आपलं नाव, स्पेलिंगसकट, तपासा. मालमत्ता कर, नळजोडणी आणि महावितरणचं मीटर आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाच्या साखळीतली मूळ विक्रीपत्रं ताब्यात घ्या. ती नंतर मिळत नाहीत.

रिकामा प्लॉट असेल तर त्याच आठवड्यात चारही कोपऱ्यांना पक्के दगड रोवून तारेचं कुंपण घाला, नाव आणि प्लॉट क्रमांकाची पाटी लावा, आणि तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. शेजारच्या घरी जाऊन ओळख करून घ्या, फोन नंबर द्या. कोणी आपल्या प्लॉटवर विटा टाकल्या तर पहिला फोन तिथूनच येतो. मुलांना जागा दाखवून आणा, कागदांची फाइल कुठे आहे ते घरात दोघांना तरी सांगा, आणि वेळ काढून मृत्युपत्र करा. वारसांच्या भांडणात अडकलेले जितके प्लॉट मला या शहरात दिसतात, त्यातल्या बहुतेकांच्या मूळ मालकाने बाकी सगळं नीट केलं होतं, एवढंच राहून गेलं होतं.